शुक्रदुष्टी, अन्नातील मिश्रद्रव्ये आणि वनस्पतीज अँटिऑक्सिडंट : निदानपरिवर्जनाच्या दृष्टीने एक पुनर्विचार

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी अपत्यहीनतेची तक्रार घेऊन चिकित्सालयाची पायरी चढणारी पहिली व्यक्ती बहुधा स्त्रीच असते. सोबत सासू किंवा नणंद असते. हाती सोनोग्राफीच्या अहवालांची पिशवी असते, नवसाचे दोरे मनगटावर असतात, आणि पतीच्या शुक्रपरीक्षणाचा एकही कागद त्या पिशवीत नसतो. वीस वर्षांच्या व्यवसायात हे चित्र पाहून डोळे सरावले आहेत; परंतु त्यातील एका प्रसंगाने माझ्या स्वतःच्या चिकित्सापद्धतीकडे मला पुन्हा पाहावयास लावले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच प्रसंग होय.

लग्नाला सहा वर्षे झालेले ते दांपत्य. पती एकतीस वर्षांचा, सायंकाळी चायनीजचा गाडा चालविणारा. आग्रहाने करून घेतलेल्या परीक्षणात शुक्राणूंची संख्या व गती दोन्ही न्यून आढळली. त्याचा व्यवसाय कळताच माझ्या मनात निदान पक्के झाले. लाल-केशरी रंग, मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे गाड्यावर ज्याला सरसकट अजिनोमोटो म्हणतात ते द्रव्य, सॉस, व्हिनेगर, आणि रात्री उरलेले तेच खाऊन झोपणे. शुक्रदुष्टीला याहून वेगळे कारण कशाला शोधावयाचे? मी त्याला ते अन्न वर्ज्य करण्यास सांगितले, अश्वगंधा व कपिकच्छू सुरू केले, जोडीला एका वाजीकर सिरपची बाटली दिली. सहा महिने लोटले. अहवाल जवळपास तसाच आला.

त्यानंतर मी जे पहिल्या दिवशी करावयास हवे होते ते केले. रुग्णाला उभे करून तपासले. डाव्या बाजूस शिरांचा ठळक गुंता, अर्थात व्हेरिकोसील, हाताला स्पष्ट लागत होता. शिवाय भट्टीच्या झळीपुढे रोज पाच-सहा तास उभे राहणे होतेच. त्याला शल्यतज्ज्ञाकडे पाठविले, शस्त्रकर्म झाले, वर्षभरात शुक्राणूंची गती सुधारली. अपत्याची प्रतीक्षा अद्याप संपलेली नाही. माझ्या घाईने त्या दांपत्याचे सहा महिने घेतले, ही बोच मात्र कायम राहिली.

अन्नातील कृत्रिम द्रव्यांनी पुरुषाचे प्रजननस्वास्थ्य बिघडते आणि वनस्पतीज अँटिऑक्सिडंट ते सावरतात, हे विधान आज आपल्या परिसंवादांत, औषधांच्या पत्रकांत आणि रुग्णांच्या तोंडीही सर्रास ऐकू येते. यात तथ्य किती, अतिशयोक्ती किती, आणि वैद्य व औषधविक्रेता या नात्याने आपले कर्तव्य काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतिउपयोग निषिद्ध मानला आहे. क्षाराचा सतत उपयोग करणाऱ्या लोकांत आंध्य, षांढ्य, खालित्य व पालित्य आढळते, असे ते सांगतात. येथे एक बाब लक्षणीय आहे. हे निरीक्षण एखाद्या व्यक्तीचे नसून ग्राम, नगर व जनपदांचे आहे. आहारातील एका द्रव्याची सवय संपूर्ण समाजाच्या पुंस्त्वावर परिणाम करू शकते, ही दृष्टी त्या काळी होती. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात लवणरसाच्या अतियोगाने पुंस्त्वाचा उपघात होतो असे म्हटले आहे. आणि त्याच अध्यायात विरुद्ध आहाराने होणाऱ्या व्याधींची जी सूची आहे, तिचा आरंभच षांढ्याने होतो. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण, पूति, पिच्छिल, अन्यधातूपसंसृष्ट व अवसादि असे आठ शुक्रदोष वर्णिले असून त्यांच्या हेतूंत असात्म्यसेवन, अतिलवण, अम्ल व उष्ण आहार यांच्याबरोबरच चिंता, शोक, वेगावरोध, व्याधिकर्शन व क्षत यांचीही गणना आहे.

तथापि क्षार म्हणजे चायनीजच्या गाड्यावरील पांढरी पूड, किंवा अम्ल म्हणजे सोडियम बेंझोएट, असे समीकरण मांडणे शास्त्रसंगत नाही. ग्रंथकारांनी आपल्याला तत्त्व दिले आहे. द्रव्याद्रव्याचा निर्णय आपल्याला आजच्या प्रमाणांनीच करावा लागेल. हेतूंच्या उपरोक्त यादीत आहार हा एक घटक आहे, एकमेव नव्हे, हेही मी त्या गाडेवाल्या रुग्णाच्या वेळी विसरलो होतो.

शुक्राणू आणि ऑक्सिडीकरण

आधुनिक विज्ञानात हा विषय १९४३ साली सुरू झाला असे म्हणता येईल. त्या वर्षी जॉन मॅक्लिऑड या संशोधकाने दाखवून दिले की अतिरिक्त ऑक्सिजनच्या सान्निध्यात मानवी शुक्राणूंची गती मंदावते आणि कॅटलेज हे विकर घातल्यास ती टिकते. पुढे १९७० व १९८० च्या दशकांत त्यामागील कार्यकारणभाव उलगडला. शुक्राणूचे आवरण बहु-असंतृप्त स्निग्धाम्लांनी समृद्ध असते. त्यामुळे ते लवचीक राहते, परंतु त्यामुळेच मुक्त मूलकांच्या माऱ्याला लवकर बळी पडते. इतर पेशींत या माऱ्यापासून रक्षण करणारी विकरे पेशीद्रवात साठविलेली असतात. शुक्राणूजवळ पेशीद्रव जवळजवळ नसतोच. म्हणून त्याचे रक्षण मुख्यत्वे सभोवतालच्या शुक्रद्रवातील घटकांवर अवलंबून असते. आवरण बिघडले की गती जाते, आणि मारा अधिक झाल्यास आतील जनुकद्रव्यही तुटते.

दुसरीही बाजू ध्यानात घ्यावी. शुक्राणूला बीजांडात प्रवेश करण्याची क्षमता येण्यासाठी अल्प प्रमाणात हेच मुक्त मूलक आवश्यक असतात. त्यांचा समूळ नाश करणे हितावह नाही. समत्वाचा विचार करणाऱ्या आयुर्वेदाला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

वृषणात एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, आणि त्यापुढे अधिवृषणातून प्रवास करून तो परिपक्व होण्यास आणखी सुमारे दोन आठवडे. याचा व्यवहारातील अर्थ असा की पथ्य, औषध किंवा शस्त्रकर्म यांपैकी कशाचाही परिणाम तीन महिन्यांपूर्वी पाहू नये. आणि तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला तीव्र ज्वरही आजचा अहवाल बिघडवू शकतो.

मिश्रद्रव्यांविषयीचा पुरावा : काय व किती

आपल्या भागात ही द्रव्ये येतात कोठून? गाड्यावरील मंचुरियन, पिवळ्या नळ्या, जिलेबी, शेव, बर्फाचा गोळा, प्लास्टिकच्या नळीतील रंगीत बर्फ, पावाला लावलेला लाल सॉस, आणि सुट्या पुडीत मिळणारा 'खाण्याचा रंग'. यांचे दोन स्पष्ट वर्ग पाडावे लागतात: कायद्याने मान्य असलेली द्रव्ये आणि मान्य नसलेली द्रव्ये.

भारतात आठ कृत्रिम रंग खाद्यपदार्थांत मान्य आहेत. त्यांपैकी टारट्राझिन हा पिवळा रंग सर्वपरिचित आहे. अल्जेरियातील संशोधकांनी २००९ साली उंदरांना तो पाण्यातून अधिक मात्रेत दिला असता शुक्राणूंची संख्या घटल्याचे व विकृत शुक्राणू वाढल्याचे नोंदविले. हा निष्कर्ष वाचून घाबरण्यापूर्वी थोडे गणित करावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली या रंगाचे दैनिक ग्राह्य प्रमाण शरीराच्या दर किलो वजनास साडेसात मिलिग्रॅम असे कायम ठेवले. ६० किलो वजनाच्या माणसास ते ४५० मिलिग्रॅम होते. एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम रंग ही आपल्याकडील परिचित मर्यादा धरली, तर त्या माणसाला एका दिवसात साडेचार किलो रंगीत पदार्थ खावा लागेल. मर्यादेतील टारट्राझिनवर वंध्यत्वाचे खापर फोडणे म्हणूनच कठीण आहे.

हेच गणित एरिथ्रोसिन या गुलाबी रंगाला लावल्यास उत्तर पार बदलते. त्याचे आंतरराष्ट्रीय ग्राह्य प्रमाण दर किलो वजनास केवळ ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसास दिवसाला ६ मिलिग्रॅम. उपरोक्त मर्यादेत रंगविलेल्या अवघ्या ६० ग्रॅम मिठाईत ते संपते. हे प्रमाण मुख्यत्वे अवटु ग्रंथीवरील परिणाम पाहून ठरविलेले असले, तरी १९९७ साली इजिप्तमधील संशोधकांनी नर उंदरांच्या शुक्राणूंवरही त्याचा दुष्परिणाम नोंदविला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील या रंगाची मान्यता मागे घेतली. त्यामागे उंदरांतील अवटु ग्रंथीच्या अर्बुदांचा पुरावा होता. रंग म्हटला की सारे एकाच मापाने मोजता येत नाहीत, एवढा बोध यातून घ्यावा.

मोनोसोडियम ग्लुटामेटविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग जॉन ओल्नी यांचा, १९६९ सालचा. त्यात नवजात उंदरांना हे द्रव्य त्वचेखाली टोचून दिले होते. त्यांच्या मेंदूत विकृती झाली, मोठेपणी ते लठ्ठ झाले आणि माद्यांत वंध्यत्व आले. नंतरच्या काळात नर उंदरांवरही प्रयोग झाले व वृषणातील बदल नोंदले गेले. तथापि बहुतेक मात्रा मानवी आहाराच्या कित्येक पट होत्या. युरोपीय प्राधिकरणाने २०१७ साली ग्लुटामेटांसाठी दर किलो वजनास ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. ६० किलोच्या माणसास ती १.८ ग्रॅम होते, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. मोजमाप न करता कढईत चमचा उपडा करणाऱ्या गाड्यावर रोज जेवणारा माणूस ही मर्यादा ओलांडू शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामुळेच त्याचे शुक्राणू घटले, असे म्हणण्याइतका मानवी पुरावा आपल्याजवळ नाही.

खरी चिंता दुसऱ्या वर्गाची आहे. मेटॅनिल यलो, रोडामाइन बी, ऑरामाइन हे कापड, कागद व चामड्याचे रंग आहेत. त्यांना खाद्यपदार्थांत कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही. लखनऊच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेने अनेक दशके या रंगांचा अभ्यास केला आहे. तिच्या सर्वेक्षणांत निषिद्ध रंग आढळले, तसेच मान्य रंगही मर्यादेहून पुष्कळ अधिक आढळले. आणि मेटॅनिल यलो दिलेल्या प्राण्यांत वृषणाचा ऱ्हास नोंदला गेला. २०२४ साली तामिळनाडू, पुदुच्चेरी व कर्नाटक येथे 'बुढ्ढी के बाल' या मिठाईत रोडामाइन बी सापडल्यामुळे शासनाला बंदीचे पाऊल उचलावे लागले. कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगही त्याच वेळी निषिद्ध केले. म्हणून रुग्णाला 'चायनीज खाऊ नका' असे मोघम सांगण्यापेक्षा, 'सुट्या पुडीचा रंग असलेले काहीही खाऊ नका' असे नेमके सांगणे अधिक उपयुक्त आहे.

वनस्पतीज अँटिऑक्सिडंट : आशा आणि मर्यादा

या विषयावरील बहुसंख्य शोधनिबंधांची रचना ठरलेली असते. उंदरांच्या एका गटाला साधे अन्न, दुसऱ्याला मिश्रद्रव्याची मोठी मात्रा, तिसऱ्याला तीच मात्रा व सोबत एखाद्या वनस्पतीचा अर्क. तिसऱ्या गटाचे वृषण दुसऱ्याहून बरे दिसते, आणि निष्कर्ष निघतो की ती वनस्पती रक्षण करते. निष्कर्ष खोटा नसतो. परंतु यांतील पुष्कळ प्रयोगांत एक गट नसतोच: ज्याला मिश्रद्रव्य देणे नुसते थांबविले आणि पुढे शुक्रनिर्मितीचे पूर्ण चक्र होईपर्यंत पाहिले, असा गट. आपल्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, निदानपरिवर्जनाचा गट. हेतू चालू ठेवून औषध देण्याचे यश मोजणे आणि त्यालाच चिकित्सा मानणे आयुर्वेदाला मान्य नाही. विषाचा पेला एका हाती व अश्वगंधेचा दुसऱ्या हाती, अशी चिकित्सा आपल्या आचार्यांनी कोठेही सांगितलेली नाही.

मानवी अभ्यासांकडे वळल्यास दोन उल्लेखनीय आहेत. लखनऊ येथील संशोधकांनी २०१० साली ७५ वंध्य पुरुषांना अश्वगंधामूळाचे ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिले. शुक्राची गुणवत्ता सुधारली, तसेच शुक्रद्रवातील ऑक्सिडीकरणाचा ताण घटला. याच गटाने कपिकच्छूच्या ५ ग्रॅम बीजचूर्णाचेही तशाच प्रकारचे परिणाम प्रसिद्ध केले. दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातील, ठाणे येथील, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्यात अल्पशुक्राणू असलेल्या ४६ पुरुषांपैकी २१ जणांना अश्वगंधामूळाचा अर्क दिवसाला ६७५ मिलिग्रॅम असा ९० दिवस दिला. त्यांची शुक्राणुसंख्या सरासरीने १६७ टक्क्यांनी वाढली. आकडा आनंददायक आहे. तथापि एकवीस रुग्णांवरून तो आहे, आणि त्यात मोजली गेली ती शुक्राणूंची संख्या, घरात आलेली अपत्ये नव्हेत, याचे भान ठेवावे.

हे भान का ठेवावे, याचे उत्तर २०२० सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळते. अमेरिकेत २३७० दांपत्यांतील पुरुषांना फॉलिक आम्ल व जस्त सहा महिने देण्यात आले. अपत्यजन्माच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. उलट जनुकद्रव्याच्या तुटीचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत किंचित अधिक आढळले. त्याच सुमारास सुमारे १७० पुरुषांवर जीवनसत्त्व क, ई, सेलेनियम, लायकोपीन आदींच्या मिश्रणाची चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर शुक्राच्या गुणवत्तेत अर्थपूर्ण सुधारणा दिसली नाही. ही द्रव्ये आपली नव्हेत, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकतो. परंतु आपल्या औषधांची इतकी मोठी चाचणी झालेलीच नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करणे अधिक योग्य ठरेल.

'वनस्पतीज म्हणून निर्धोक' या समजुतीला उत्तर देणारे उदाहरण तर कपाशी पिकविणाऱ्या मराठवाड्याच्या दारातच आहे. सरकीतील गॉसिपॉल हे पॉलिफेनॉल प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट गुण दाखविते. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या खेड्यांत अपत्ये होईनाशी झाली, त्यावरून १९७० च्या दशकात तेथे हजारो पुरुषांना हेच द्रव्य गर्भनिरोधक म्हणून देण्यात आले. शुक्राणू घटले, परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. शेवटी ते संशोधन सोडून द्यावे लागले. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून गॉसिपॉल काढलेले असते, तेव्हा त्याविषयी भीती नको. मुद्दा एवढाच की अँटिऑक्सिडंट हा गुण पाहून द्रव्य निवडता येत नाही. हळदीतील करक्युमिन अधिक तीव्रतेत शुक्राणूंची गती थांबविते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. स्वयंपाकातील हळद निश्चिंतपणे खावी; तिच्या संहत अर्काच्या गोळ्या अपत्येच्छू पुरुषाला विनाकारण देऊ नयेत.

आपल्या बाटलीत काय आहे ?

आता एक अप्रिय गोष्ट. वर उल्लेखिलेल्या रुग्णाला मी जे वाजीकर सिरप दिले होते, त्याच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे मी प्रथमच वाचली ती सहा महिन्यांनंतर. परिरक्षक म्हणून त्यात सोडियम बेंझोएट होते व प्रोपिलपॅराबेनही होते. गाड्यावरच्या सॉसमधील परिरक्षकाविषयी रुग्णाला उपदेश करणारा मी तेच परिरक्षक त्याला दिवसातून दोन वेळा चमच्याने पाजीत होतो.

प्रोपिलपॅराबेनची कथा उद्बोधक आहे. जपानमधील एका संशोधकाने २००२ साली नर उंदरांत त्यामुळे शुक्रनिर्मिती घटल्याचे प्रसिद्ध केले. त्या आधारे युरोपने २००६ साली खाद्यपदार्थांतील त्याची मान्यता काढून घेतली. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर प्रयोगात फार मोठ्या मात्रेतही तो परिणाम आढळला नाही. म्हणजे धोका सिद्ध झालेला नाही. परंतु शुक्रदुष्टीच्या रुग्णासाठी चूर्ण, क्वाथ, घृत वा क्षीरपाक उपलब्ध असताना असे वादग्रस्त परिरक्षक असलेले सिरप निवडण्याचे कारण तरी काय? सोय आणि गोडी, एवढेच.

औषधविक्रेते बंधूंना म्हणून काही विनंत्या आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील नियम १६९ आयुर्वेदीय औषधांतील सहायक द्रव्यांविषयी आहे. त्यांच्या वापराची युक्तता व सुरक्षितता यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. वितरकाकडे त्या द्रव्यांची यादी मागण्यात संकोच नसावा. दुसरे, अश्वगंधेच्या औषधात मूळच वापरले आहे याची खातरजमा करावी. पानांचा अर्क मिसळण्याचा प्रघात वाढल्यामुळे आयुष मंत्रालयाने २०२१ साली पाने न वापरण्याची सूचना केली होती. अश्वगंधेच्या काही उत्पादनांनंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी परदेशांत प्रसिद्ध झाल्या आहेत. कावीळ झालेल्या वा यकृतविकार असलेल्या ग्राहकास ती वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. तिसरे, 'तासाभरात गुण' असे सांगणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता नसलेल्या पुड्या व कॅप्सूल दुकानात ठेवू नयेत. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा सापडले आहे, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाला ते प्राणघातक ठरू शकते. चौथे, हळद विकत असाल तर तिची साधी परीक्षा करावी: थोड्या हळदीच्या पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घातल्यावर आलेला गुलाबी रंग पाणी वाढवूनही टिकून राहिला, तर मेटॅनिल यलोचा संशय घ्यावा.

चिकित्साक्रम

माझ्या चिकित्सालयात आता जो क्रम पाळतो तो येथे नम्रपणे मांडतो.

पहिल्या भेटीतच पती-पत्नी दोघांनाही बोलवावे. शुक्रपरीक्षण दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, शक्यतो दोन वेळा, विश्वसनीय प्रयोगशाळेत करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार संदर्भाची खालची मर्यादा प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू, पुरोगामी गती ३० टक्के व प्राकृत आकार ४ टक्के अशी आहे. या मर्यादेखालील प्रत्येक पुरुष वंध्य असतो असे नव्हे, आणि वरील प्रत्येक जण निर्दोष असतो असेही नव्हे.

रुग्णाला उभे करून तपासावे. व्हेरिकोसील, लहान वा न उतरलेले वृषण, गाठ, वेदना पाहाव्यात. गालगुंडानंतर वृषणशोथ झाला होता काय, हे विचारावे. शुक्राणू मुळीच नसतील, किंवा वरीलपैकी काही आढळले, तर तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिने थांबणेही दीर्घ ठरते.

हेतूंची चौकशी विस्ताराने करावी. भट्टी, बेकरी, वीटभट्टी, तंबाखू व गुटखा, मद्य, कपाशीवरील फवारणी करताना तोंडाला फडके तरी बांधतो काय, व्यायामशाळेत कोणी 'ताकदीचे' इंजेक्शन देते काय. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्रनिर्मिती बंद पाडते, हे त्या तरुणांना कोणी सांगितलेले नसते. आहाराची चौकशी करताना रुग्णाला रिकामी पाकिटे घेऊन यावयास सांगावे. त्यावरील १०२, ११०, १२४, १२७, २११, ६२१ हे क्रमांक अनुक्रमे टारट्राझिन, सनसेट यलो, पाँसो, एरिथ्रोसिन, सोडियम बेंझोएट व मोनोसोडियम ग्लुटामेट यांचे आहेत. ही पाकिटे टेबलावर मांडली की रुग्णाला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

त्यानंतर तीन महिने हेतुत्याग. कोष्ठ व बल पाहून मृदु शोधन. मळकट वस्त्रावर रंग चढत नाही, त्याप्रमाणे अशुद्ध देहावर वाजीकरण फलद्रूप होत नाही, हा आचार्यांचा दृष्टांत आपणा सर्वांना ज्ञात आहेच. मग अश्वगंधामूळ चूर्ण ३ ते ५ ग्रॅम दुधासह, पित्तप्रधान प्रकृतीत शतावरी व आमलकी, क्षीणशुक्रात दुधात शोधन केलेले कपिकच्छूबीज. कपिकच्छूत लेव्होडोपा असल्यामुळे कंपवाताची वा मानसविकाराची आधुनिक औषधे घेणाऱ्यास ते देऊ नये. एका वेळी एक-दोनच द्रव्ये द्यावीत, म्हणजे कशाने गुण आला व कशाने बाधा झाली हे कळते.

आहारात फार दूर जावयास नको. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. ज्वारीची भाकरी, मूग, हिरव्या पालेभाज्या, हंगामात आवळा, डाळिंब, पेरू, टोमॅटो, मूठभर शेंगदाणे व तीळ, गाईचे दूध व तूप; हे सारे गंगाखेडच्या बाजारात मिळते आणि यातील अँटिऑक्सिडंट कोणत्याही बाटलीतून विकत घ्यावे लागत नाहीत. चायनीजचा गाडा चालविणाऱ्याला गाडा बंद करा असे सांगता येत नाही. त्याचे पोट त्यावर आहे. परंतु सुट्या पुडीचा रंग न वापरणे, घरून भाकरी बांधून नेणे, भट्टी व अंग यांत अंतर ठेवणे आणि मध्ये मध्ये बाजूला होणे त्याला शक्य असते. पहिल्या रुग्णाने हे सर्व केले. त्याच्या गाड्यावरचे मंचुरियन आता तपकिरी दिसते. सुरुवातीला गिऱ्हाइके कुरकुरली, मग सरावली, असे तो सांगतो.

उपसंहार

आहारातील मिश्रद्रव्ये शुक्राला बाधक ठरू शकतात, ही शंका सकारण आहे. निषिद्ध रंगांविषयी ती बळकट आहे, मर्यादेतील मान्य द्रव्यांविषयी बहुतांशी दुर्बल आहे. वनस्पतीज अँटिऑक्सिडंट साहाय्यक ठरू शकतात. हेतुत्याग व परीक्षण यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. आपल्या शास्त्रातील निदानपरिवर्जन हे तत्त्व या विषयात सर्वांत अल्पखर्चाचे आहे, आणि बाटली विकली जात नसल्यामुळे सर्वांत उपेक्षितही आहे.

वाचक वैद्यबंधु-भगिनींना एक सूचना करून थांबतो. अपत्येच्छू दांपत्य आल्यास प्रथम पतीचे शुक्रपरीक्षण, त्याचा व्यवसाय, आहारातील मिश्रद्रव्ये, दिलेले पथ्य व औषध, आणि तीन महिन्यांनंतरचा अहवाल अशी एका पानाची नोंद प्रत्येकाने ठेवावी. ज्यांना केवळ पथ्याने गुण आला आणि ज्यांना आपल्या औषधाने गुण आला नाही, त्यांचीही ठेवावी. माझ्याजवळील पहिले पान त्या गाडेवाल्या रुग्णाचे आहे, आणि त्यावर माझी चूकही लिहिलेली आहे.